भग्न तुकड्यांची नगरी

काचेची बांगडी फुटली की तिचे तुकडे आपण केरात टाकतो. बशीला तडा गेला किंवा कपाचा कान तुटला, की त्या वस्तूची घरातील जागा जाते. आणि जागा गेली की तिचे मोलही गेले, असे आपण धरून चालतो. परंतु अशा टाकून दिलेल्या वस्तूंतूनच आपल्या देशात एक विस्तीर्ण उद्यान उभे राहिले आहे. चंदीगड शहरातील हे उद्यान ‘रॉक गार्डन’ या नावाने जगभर ओळखले जाते. त्याचे निर्माते नेकचंद सैनी हे कोणत्याही कलाशाळेत शिकलेले नव्हते. सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावर देखरेख करणारे ते एक साधे कर्मचारी होते.

नेकचंद यांचा जन्म १९२४ साली अखंड पंजाबातील शकरगढ तालुक्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. आईच्या तोंडून राजाराण्यांच्या कथा ऐकाव्यात, नदीकाठी जाऊन दगडगोटे वेचावेत आणि त्यांतून महाल व माणसे रचावीत, असा त्यांचा बालपणीचा छंद होता. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण त्याच वेळी त्याची फाळणीही झाली. शकरगढचा प्रदेश पाकिस्तानात गेला. लक्षावधी कुटुंबांप्रमाणे नेकचंद यांच्या कुटुंबालाही घरदार आणि शेतीवाडी सोडून भारतात यावे लागले. ज्या नदीकाठी ते खेळले, तो काठ आता परक्या देशात होता.

फाळणीमुळे पंजाबची राजधानी लाहोर हीदेखील पाकिस्तानात गेली. भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबसाठी नवी राजधानी उभारणे आवश्यक झाले. हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिक टेकड्यांजवळ जागा निवडण्यात आली आणि ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुशिल्पकाराने नगराची आखणी केली. सरळ रुंद रस्ते, आखीव चौकोनी विभाग आणि काँक्रीटच्या भव्य इमारती असे हे नवे शहर होते. पण ज्या भूमीवर ते वसवायचे होते, ती ओसाड नव्हती. तेथे लहान लहान खेडी नांदत होती. नव्या शहरासाठी ती उठवण्यात आली. घरे पाडली गेली, माणसे दुसरीकडे गेली आणि मागे फुटक्यातुटक्या वस्तूंचे ढीग उरले. एका उखडलेल्या गावाचा पुत्र, इतरांची गावे उखडली जात असताना, तेथेच नोकरी करीत होता.

या ढिगाऱ्यांतील वस्तू नेकचंद गोळा करू लागले. फुटकी चिनी मातीची भांडी, फरशीचे तुकडे, बांगड्यांच्या काचा, विजेच्या जोडणीचे निकामी भाग, डांबराची रिकामी पिंपे, जुन्या सायकलींचे सांगाडे, असे जे मिळेल ते त्यांनी साठवले. नदीनाल्यांच्या पात्रांतून चित्रविचित्र आकारांचे दगड वेचून ते सायकलवरून वाहून आणीत. सुखना तलावाजवळच्या झाडीत १९५८ च्या सुमारास त्यांनी थोडी जागा साफ केली आणि तेथे हा साठा मांडण्यास प्रारंभ केला. ती जमीन सरकारी होती व तिच्यावर कोणतेही बांधकाम करण्यास मनाई होती. म्हणून नोकरीचे काम आटोपल्यावर, बहुधा रात्रीच्या अंधारात, ते एकटेच आपले काम करीत. अनेक वर्षे याचा सुगावा अधिकाऱ्यांना लागला नाही.

त्यांची मूर्ती घडवण्याची रीत साधी होती. प्रथम लोखंडी गज किंवा सायकलचे मोडके भाग यांचा सांगाडा करावयाचा, त्यावर सिमेंट व वाळू यांचा गिलावा चढवावयाचा आणि तो ओला असतानाच त्यात काचा, बांगड्या व कपबशांचे तुकडे बसवावयाचे. मूर्तीला निराळा रंग देण्याची गरजच नसे; तुकड्यांचा रंग तोच तिचा रंग. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासूनही त्यांनी मोठमोठ्या बाहुल्या केल्या. शिल्पकाराचा संगमरवर किंवा चित्रकाराचे रंग त्यांच्यापाशी नव्हते. माती, धातू, काच, कापड आणि दगड ही सारी भिन्न साधने त्यांनी एकत्र आणली.

आज या उद्यानात फिरताना ओळीने उभ्या असलेल्या स्त्रिया, नर्तक, माकडे आणि पक्षी आपले स्वागत करतात. एका ओळीतील मूर्ती दुरून सारख्याच दिसतात. जवळ गेल्यावर मात्र प्रत्येकीचा चेहरा वेगळा आढळतो. बाहेरच्या शहरातील रस्ते सरळ आहेत. येथील वाटा खेड्यातील बोळांप्रमाणे वळणावळणाच्या आहेत. दरवाजे इतके ठेंगणे आहेत की मोठ्या माणसांना वाकूनच आत जावे लागते. एक चौक ओलांडल्याखेरीज दुसरा दिसत नाही. पुढे धबधबे आहेत, आणि भल्यामोठ्या कमानींना टांगलेले झोपाळेही आहेत.

१९७० नंतरच्या काळात हे गुपित उघड झाले, तेव्हा मोठा पेच पडला. नियमाप्रमाणे हे बांधकाम बेकायदा होते. ते पाडून टाकणे हाच सरळ मार्ग होता. पण पाहावयास आलेले लोक थक्क होऊन परतत होते. अखेर शासनाने उद्यान राखण्याचे ठरवले आणि १९७६ साली ते सर्वांसाठी खुले झाले. नेकचंद यांना याच कामासाठी वेतन व पन्नास मजूर देण्यात आले. हळूहळू उद्यान सुमारे ४० एकरांवर पसरले. १९८४ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले.

तथापि संकटे संपली नाहीत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रस्त्यासाठी उद्यानाचा भाग पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सामान्य नागरिक आडवे उभे राहिले आणि न्यायालयानेही उद्यानाच्या बाजूने कौल दिला. १९९६ साली नेकचंद परदेशी गेले असता कोणी दुष्टांनी अनेक मूर्ती फोडल्या. त्या पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या. १२ जून २०१५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, नेकचंद यांचे निधन झाले. त्यानंतरही, २०२५ साली, रस्ता रुंद करण्यासाठी उद्यानाच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला आणि नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

गेलेले गाव नेकचंद यांना परत मिळाले नाही. ते कोणालाच परत मिळत नाही. सुखना तलावाजवळच्या नगरीत शकरगढची नदी नाही आणि पाडलेल्या खेड्यांतील घरेही नाहीत. परंतु त्या घरांत कोणी एके काळी जेवलेल्या बशीचा तुकडा तेथे एखाद्या पक्ष्याच्या पंखावर बसला आहे, आणि कोणा अनामिकेच्या हातातील बांगडी एखाद्या मूर्तीच्या वस्त्रावर चमकते आहे. ज्यांची जागा गेली होती, अशा वस्तूंना एका निर्वासिताने पुन्हा जागा मिळवून दिली. केर म्हणून काही टाकण्यापूर्वी ते हाती घेऊन क्षणभर निरखण्याची सवय आपणही लावून घेतली पाहिजे.