गोळी सुरू होते, मग बंद का पडते?

नैराश्यावरची गोळी लिहून दिलेले किती रुग्ण ती खरोखर घेत राहतात? अमेरिकेतल्या सिएटल परिसरात झालेली एक पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या १५५ रुग्णांपैकी २८ टक्के लोकांनी पहिल्या महिन्यातच गोळी सोडली होती. तीन महिने होईतो हा आकडा ४४ टक्क्यांवर गेला.

घरचे अशा वेळी चिडतात. 'बरं व्हायचंच नाहीये याला,' म्हणतात. पण या औषधाचा क्रमच मोठा कठीण आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम यांसारख्या गोळ्यांचा त्रास आधी होतो आणि गुण मागाहून येतो. पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं दुखतं, झोप उडते, कुणाची घालमेल वाढते. मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. आपलं काही चांगलं होणार नाही, असं ज्याला आजारामुळेच वाटत असतं, त्याने हे आठवडे कशाच्या भरवशावर काढायचे? चौथ्या-पाचव्या दिवशी तो अर्धी पट्टी ड्रॉवरमध्ये टाकतो आणि पुढच्या तपासणीला जातच नाही. बहुतेकांची मळमळ आठ-पंधरा दिवसांत ओसरते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सांगण्याने फरक पडतो, हेही त्याच पाहणीत दिसलं. गोळी रोज घ्या, गुण यायला वेळ लागेल, बरं वाटलं तरी चालू ठेवा, विचारल्याशिवाय बंद करू नका, असं डॉक्टरांनी ज्यांना नीट समजावलं होतं, त्यांच्यात पहिल्या महिन्यात गोळी चालू ठेवणारे जास्त निघाले. गर्दीच्या ओपीडीत नेमकी हीच दोन मिनिटं कापली जातात.

एक त्रास असा, की तो लवकर ओसरत नाही आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. या गोळ्यांनी अनेकांची कामेच्छा मंदावते. सोबत सासू किंवा मोठा भाऊ बसलेला असताना रुग्ण हे कसं काढणार? तो मनानेच गोळी बंद करतो. डॉक्टरांनी रुग्णाला एकट्याला बसवून विचारलं, तर मात्रा कमी करता येते, औषधही बदलता येतं.

मग येते सवय लागण्याची भीती. तिच्यात थोडं तथ्य आहे आणि बरीच गल्लत आहे. सुरुवातीला झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशी गोळी जोडीला देतात. सवय लागते ती या गोळ्यांची, म्हणूनच त्या थोड्याच दिवसांसाठी असतात. नैराश्यावरच्या गोळीची तलफ येत नाही. मात्र ती एकदम बंद केली, तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांच्या बाबतीत हे अधिक घडतं. असं होऊ शकतं, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत कळायला हवं.

हे सगळं सांगायला दरवेळी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असं नाही. गोव्यात 'संगथ' या संस्थेने १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखान्यांत 'मानस' हा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना आजार समजावला, त्यांचा पाठपुरावा केला. गरजेप्रमाणे डॉक्टरांनी गोळी दिली. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत या पद्धतीने बरे होणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. सरकारी केंद्रातल्या गरीब रुग्णाला चौकशी करणारं माणूस मिळालं, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने मनावर घेण्यासारखी आहे.

बरं वाटू लागलं की, 'आता कशाला गोळी?' हा प्रश्न येतोच. पहिल्या खेपेच्या नैराश्यात, बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. त्याहून जास्त काळ ती घेत असलेल्या आणि आता बरं वाटणाऱ्या ४७८ जणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात आजार उलटला. हळूहळू कमी करत बंद केलेल्यांत हे प्रमाण ५६ टक्के होतं. म्हणजे बंद करूनही ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले. त्यामुळे गोळी थांबवावी का, हा प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना बेधडक विचारावा. थांबवायचं ठरलंच, तर मात्रा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत उतरवत नेतात आणि त्या काळात तपासणीच्या तारखा चुकवायच्या नसतात.