पेटीपर्यंत दीडशे पावलं

पहाटे ४.४०

शिट्टी ओठाला लावली की बर्फाचा तुकडा लावल्यासारखं वाटतं. परभणीचा पारा डिसेंबरात असा घसरतो की पेपरात नाव येतं, आणि आमच्या लोकांना त्याचाही अभिमान. बारा पोरं रस्त्याच्या कडेला हात चोळत उभी. कुणी सोनपेठचं, कुणी मानवतचं, दोघं आमच्या पिंगळीतलीच. भरतीत सोळाशे मीटर पळवतात, म्हणून मी रोज त्याच्या दुप्पट पळवतो. पॅराशूट रेजिमेंटमधून हवालदार म्हणून घरी आल्यापासून माझा हाच उद्योग. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तेव्हा पोरंही उस्ताद म्हणतात.

परतीच्या वाटेवर सोनपेठचा पोरगा धापा टाकत बोलला, "उस्ताद, जर्मन पॅराट्रूपरचा गिअर एक नंबर असतो बघा. काल रात्री एफजी-४२ अनलॉक केली."

मोबाईलमधल्या खेळाची गोष्ट होती. मागून कुणीतरी ओरडलं, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" आणि सगळी रांग हसत सुटली. ही म्हण आमच्याकडे चहाच्या टपरीवर, लग्नाच्या वरातीत, कुठंही चालते. जर्मनीचं आणि आमचं नक्की काय जुळलं ते मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"पळताना बोललास, दोन फेऱ्या जास्त," मी म्हणालो. "जर्मनीचं साडेदहाला बघू."

तारीख ११ डिसेंबर. आज काय शिकवायचं ते माझ्या मनात होतंच. पोरानं नुसती सुरुवात करून दिली.

६.३०

बीम. दहा पुल-अप. मानवतच्या पोराचं गाडं सातावर अडतं, आजही सातावरच अडलं. नऊ फुटी खड्डा सगळ्यांनी मारला. चहा.

८.००

आमच्या घरात एक खोली आहे, तिला मी कोत म्हणतो. फौजेत हत्यारं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. माझ्या कोतीत बारा लाकडी रायफली आहेत. गावातल्या सुतारानं बाभळीच्या लाकडाच्या करून दिल्या, दस्त्यात शिसं ओतून प्रत्येकीचं वजन चार किलोच्या वर नेलं. वहीवर सही केल्याशिवाय एकही बाहेर जात नाही. बायको म्हणते, "अहो, लाकडाच्या बंदुका कोण चोरणार?" प्रश्न चोरीचा नसतोच.

आज बाराही रायफली जुन्या पत्र्याच्या पेटीत भरल्या. सोयाबीन निघून रिकाम्या पडलेल्या रानात, तुरीच्या कडेला, ती पेटी नेऊन ठेवली आणि कडुनिंबापासून पावलं मोजली. दीडशे.

१०.३०

कडुनिंबाखाली वर्ग. फळ्यावर मी माणूस काढला आणि त्याच्या अंगावर एकेक वस्तू चढवत गेलो.

आधी डोकं. जर्मन पायदळाचं हेल्मेट मानेवर आणि कानांवर पसरलेलं असायचं. छत्रीवाल्यांसाठी, म्हणजे पॅराट्रूपरांसाठी, १९३८ साली त्याची कड छाटली, आत कातड्याचं जाड अस्तर दिलं आणि हनुवटीपाशी चार पट्ट्यांनी आवळलं. दोऱ्या कडेत अडकू नयेत म्हणून. मग अंगावर एक ढगळ सदरा, त्यांच्या भाषेत क्नोखनझाक, म्हणजे हाडांची पिशवी. नाव शिपायांनीच ठेवलेलं. हा सदरा उडी मारताना पट्टा, पाऊच सगळ्याच्या वरून घालायचा, कशात काही गुंतायला नको. जमिनीवर उतरल्यावर तो काढायचा, पुन्हा घालायचा आणि पट्टे वरून बांधायचे. गोळ्या चालू असताना कपडे बदलायचे, असं म्हणा. गुडघ्यांना जाड पॅड. उजव्या मांडीच्या खिशात चाकू.

हा चाकू मला मनापासून आवडतो, खोटं कशाला बोलू. लाकडी मूठ, तिच्यावर एक खटका. मूठ खाली धरून खटका दाबला की पातं आपल्याच वजनानं सरकून बाहेर येतं. एक हात दोऱ्यांत अडकला असला तरी दुसऱ्या हातानं एकट्यानं उघडता येतो. झाडात अडकलेल्या किंवा वाऱ्यानं फरफटत चाललेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? ज्यानं तो बनवला त्यानं अडकलेला माणूस नीट पाहिला होता.

"बघा, मी म्हणलो नव्हतो?" सोनपेठचा पोरगा.

"ये इकडं. तुलाच जर्मन करतो."

जुन्या पट्ट्यांचा हार्नेस त्याच्या अंगावर चढवला आणि कडुनिंबाच्या फांदीवरून टाकलेला दोरखंड पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एकाच ठिकाणी बांधला. चौघांनी ओढला. पोरगा जमिनीपासून हातभर वर गेला आणि पोट खाली, तोंड खाली, आडातून वर येणाऱ्या घागरीसारखा गोल फिरायला लागला.

"उस्ताद, हात कुठं ठेवू?"

"कुठंच नाही. दोऱ्या तुझ्या पाठीमागं. तुझे हात पोचणार नाहीत."

जर्मनांची आरझेड जातीची छत्री अशी होती. आमच्या छत्रीच्या पट्ट्या दोन्ही खांद्यांवरून वर जातात, त्या हातानं ओढून माणूस थोडाफार सरकू शकतो, झाड चुकवू शकतो, वाऱ्याकडे तोंड करू शकतो. जर्मन नुसता लोंबकळायचा. तीन इंजिनांच्या युंकर्स-५२ च्या दारातून हातपाय पसरून डोकं पुढे करून सूर मारायचा, कारण छत्री उघडताना बसणारा झटका त्याच आसनात सोसतो. खाली यायचा तो पुढे कलंडलेला. पडायचा हातांवर आणि गुडघ्यांवर, मग कोलांटी. आता कळलं, गुडघ्याला पॅड कशाला? आणि छातीवर राखीव छत्री नाही. आम्हाला ती असते. आग्र्याला पाच उड्या मारून बिल्ला मिळवला तेव्हा मी एकदाही ती उघडली नाही, पण पाचही वेळा हात तिच्यावरून फिरवून घेतला.

"आता याच्या छातीवर रायफल बांधा," मी म्हणालो, "आणि दोर सोडा."

कुणी सोडेना. पोरगाही वरूनच "नको, नको" ओरडला.

"मग रायफल कुठं ठेवायची?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मानवतच्या पोरानं, बीमवर सातावर अडणाऱ्या त्या पोरानं, रानाकडं बोट केलं. "पेटीत."

बरोबर. रायफली, मशिनगनी, दारूगोळा, वायरलेस सगळं वेगळ्या पेट्यांत, पेट्यांना वेगळी छत्री. माणसापेक्षा थोडी बुटकी पेटी, तळाला आदळल्यावर चेपणारा भाग, ओढायला चाकं आणि दांडा. कुणाची पेटी कुठली ते कळावं म्हणून रंगांचे पट्टे. इतकी नीटनेटकी व्यवस्था की कौतुकच वाटावं. माणसाजवळ काय? पिस्तूल, हातबॉम्ब, तो चाकू आणि काहींकडे एमपी-४० सबमशिनगन. बाकी सगळं पेटीत, आणि पेटी पडेल तिथं.

दुपारी १.००

भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, ठेचा. पोरं जेवताना मोबाईलवर जर्मन टोप्यांची चित्रं बघत होती. जगभर हौशी लोक असली एकेक टोपी जपून ठेवतात म्हणे. मी त्यांना दुसरे फोटो काढून दाखवले. क्रीट बेटावरचं कोंडोमारी गाव, २ जून १९४१. याच टोप्या, हेच ढगळ सदरे, हातात बंदुका, आणि समोर ऑलिव्हच्या झाडांखाली उभे केलेले गावातले बाप्ये. गावकऱ्यांनी काठ्या-विळ्यांनी छत्रीवाल्यांना मारलं म्हणून सूड. गोळ्या घालतानाचे फोटो तिथल्याच एका जर्मनानं काढलेत. दुसऱ्या दिवशी कांदानोस नावाचं आख्खं गाव उद्ध्वस्त केलं. वस्तूंची तारीफ करा, मीही केली, पण ती कुणाच्या अंगावर होती ते विसरून नाही.

भाकरी तशीच ताटात ठेवून एकानं विचारलं, "शेतकरीच होते का हो ते?"

"आपल्यासारखेच."

३.००

सहा-सहाच्या दोन टोळ्या. एक जर्मन, मोकळ्या हातानं कडुनिंबाखाली पालथी पडलेली. दुसरी न्यूझीलंडची, तुरीत लपलेली, हातात मातीची ढेकळं. शिट्टी वाजली की जर्मनांनी उठायचं, पाठीवरच्या पट्ट्यांचे बक्कल सोडायचे, पेटीकडं धावायचं, रायफल काढायची. ढेकूळ लागलं की जागेवर आडवं व्हायचं.

पहिल्या खेपेला पेटीपर्यंत एकही पोचला नाही.

दुसऱ्या खेपेला एक पोचला, पण कडी गंजलेली. ती उघडेपर्यंत पाठीत तीन ढेकळं.

२० मे १९४१ ला क्रीटवरच्या मालेमे विमानतळाच्या पूर्वेला जर्मन हल्ला-रेजिमेंटची तिसरी बटालियन नेमकी न्यूझीलंडच्या मोर्चांवर उतरली. सुमारे ६०० जण. त्यातले सुमारे ४०० मेले. कित्येक हवेतच, कित्येक पेटीकडं धावताना. काहींच्या पेट्या समोरच्यांनीच उघडल्या आणि त्यांचीच हत्यारं त्यांच्यावर चालवली. बेट शेवटी जर्मनांनी घेतलं, पण हिटलरनं त्यानंतर एवढी मोठी उडी पुन्हा होऊ दिली नाही.

"आणि तुझी एफजी-४२," मी सोनपेठच्या पोराला म्हणालो, "ती या रानातून आली. माणसानं अंगावरच घेऊन उडी मारावी म्हणून बनवलेली. रायफलचीच पूर्ण ताकदीची गोळी, वीस गोळ्यांचं मॅगझीन डाव्या बाजूला, एकेक मारा नाहीतर धडाधड. हलकी, म्हणून खांद्याला लाथ मारणारी. सगळ्या मिळून सात हजारांच्या आसपास झाल्या. पण ती हातात येईतो उड्याच संपत आल्या होत्या. सप्टेंबर १९४३ मध्ये मुसोलिनीला सोडवायला डोंगरावर गेली, तीसुद्धा ग्लायडरमध्ये बसून."

तिसऱ्या खेपेला गंमत झाली. शिट्टी वाजली आणि सोनपेठचा उठलाच नाही. पालथ्या पालथ्यानंच त्यानं शर्टाच्या आतून रायफल ओढली आणि तुरीकडं रोखली. मधल्या सुट्टीत पेटीतून काढून पाठीला बांधून ठेवली होती लबाडानं! ओरडणार होतो, पण हसूच आलं.

४.५०

ऊन कलतं. सगळ्यांना रानातच बसवलं.

१९७१ मध्ये याच तारखेला, साधारण याच वेळेला, बांगलादेशातल्या टांगाईलजवळ पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण उतरली. पॅकेट, डकोटा, कॅरिबू, एएन-१२ अशी मिळतील ती विमानं. कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. पलटण मराठ्यांची. काम एकच, लोहाजंग नदीवरचा पूल धरायचा, म्हणजे मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याला माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट बंद. पुलाचं नाव पुंगळी. आमची पिंगळी, त्यांची पुंगळी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणी थट्टा करतंय.

उतरलेल्यांची हत्यारं त्यांच्याबरोबरच उतरली. आपल्याकडं जड सामान पिशवीत पायाला बांधतात आणि जमीन जवळ आली की दोरीनं खाली सोडतात, पिशवी आधी टेकते, मागून माणूस. रात्र चढेपर्यंत पूल हाती होता. परतणाऱ्या तुकड्या रात्रभर त्यावर आदळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून आलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीनं त्यांना गाठलं. मराठ्यांना मराठेच येऊन भिडले. उतरली होती एक पलटण, पण जगाच्या पेपरांनी छापली आख्खी ब्रिगेड, आणि त्यांना दिलेला फोटो होता आग्र्याच्या जुन्या सरावाचा. आमच्या आग्र्याचा!

ही दुसरी पॅरा १९५२ पर्यंत मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. त्याच पलटणीतला नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातला. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. त्याच्या सेक्शनवर जवळून मशिनगन सुरू झाली, तो सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा धावला. बॉम्ब टाकून मशिनगन गप्प केली, टॉमी गननं एकाला मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यानं गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठोकून काढलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. कुणी उठलं नाही.

"नळी तापलेली असंल की," मानवतचा पोरगा हळूच म्हणाला.

एवढी वर्षं ही गोष्ट सांगतोय, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

रात्री ९.१०

कोतीत मोजणी. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. पलटणीत एक हत्यार कमी पडलं तर कुणी झोपत नाही, आणि लाकडाचं आहे म्हणून नियम बदलत नाही. बॅटरी घेऊन रानात गेलो. पेटी रिकामी, तुरीच्या कडेला फक्त ढेकळं.

परत येताना पोरांच्या खोलीत उजेड टाकला. सोनपेठचा पोरगा वाकळेत गुरफटून झोपलेला, कुशीत बाभळीची रायफल, दस्ता बाहेर आलेला. मोबाईल उशाशी पालथा.

हलवून उठवला.

"उस्ताद, राहू द्या ना जवळ. पेटीत नको."

"कोत म्हणजे कोत."

डोळे चोळत, वाकळ ओढत आला. रायफल जागेवर ठेवली. वहीत मी लिहिलं, "१२ जमा, ९.३५", आणि पुढं त्याची सही घेतली.