आइस क्वीनच्या नादी लागाल तर...

दोन बायकांच्या प्रेमकथांमधला माझा लाडका प्रकार: वयानं मोठी, तुटक बोलणारी 'आइस क्वीन' आणि तिला न बधणारी तरुणी. मजा सगळी उशिरात. शंभर पानं आडनावानंच हाक मारणारी बाई एकदा चुकून पहिलं नाव घेते, आणि आपण ते पान पुन्हा वाचतो!

सुरुवात ऑस्ट्रेलियन लेखिका ली विंटरच्या 'द ब्रूटल ट्रुथ'पासून करा. माध्यमसम्राज्ञी एलेना, क्राइम रिपोर्टर मॅडी. (बॉस-कर्मचारी नात्यातला सत्तेचा प्रश्न एखाद्या लेखिकेनं टाळला, की माझा मूडच जातो.)

जुनं हवंय? पॅट्रिशिया हायस्मिथची 'द प्राइस ऑफ सॉल्ट', १९५२. टोपणनावानं आलेली, 'कॅरल' सिनेमा हिच्यावरूनच. खेळण्यांच्या विभागातली एकोणीस वर्षांची टेरीझ, समोर फरकोटातली कॅरल. आणि शेवट चक्क आशेचा, तोही त्या काळात!