गोदामाची जमीन किती भार पेलते?

भिवंडी परिसरातील गोदामांमध्ये पूर्वी माल प्रामुख्याने जमिनीवरच थप्पी लावून ठेवला जाई. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर ठिकठिकाणच्या लहान गोदामांऐवजी मोजकी, मोठी आणि उंच गोदामे उभारण्याकडे कंपन्यांचा कल वाढला आणि माल लोखंडी रॅकवर चढला. जागा भाड्याने घेताना विचारला जाणारा प्रश्न मात्र जुनाच राहिला : जमीन चौरस मीटरला किती टन पेलते? ‘पाच टन’ असे उत्तर मिळाले की भाडेकरू निश्चिंत होतो. रॅक उभारणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे.

याचे कारण साध्या हिशेबाने कळते. रॅकच्या एका खणात चार मजले आणि प्रत्येक मजल्यावर एक टनाची दोन पॅलेट धरली, तर खणाचा भार आठ टन होतो. मधल्या चौकटीवर दोन्ही बाजूंच्या खणांचा निम्मा-निम्मा, म्हणजे पुन्हा आठच टन भार येतो. चौकटीला पाय दोन. म्हणजे प्रत्येक पायावर चार टन. हा पाय १० सेंटिमीटर लांब-रुंद पत्र्यावर टेकलेला असेल, तर त्याखाली दर चौरस मीटरला ४०० टन इतका दाब पडतो! दोन रॅक पाठीला पाठ लावून उभे केले की वीत-दीड वीत अंतरावर असे दोन पाय येतात.

काँक्रीट दाबाला खंबीर, पण ताणाला हळवे असते. एम-३० प्रतीचे काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसते. वाकताना तडकण्यास मात्र, आयएस ४५६ या भारतीय मानकातील सूत्रानुसार, सुमारे ३.८ न्यूटन ताण पुरेसा होतो. पायाखाली स्लॅब खालच्या अंगाने ताणला जातो. दोन रांगांमधल्या वाटेत याउलट घडते, तेथे वरचा पृष्ठभाग ताणला जातो. त्यामुळे ज्या वाटेवर काहीच ठेवलेले नाही, तिच्या मधोमध भेग का पडली, असा प्रश्न मालकाला पडतो.

या ताणांचे गणित एच. एम. वेस्टरगार्ड यांनी १९२६ साली रस्त्यांच्या काँक्रीटसाठी मांडले आणि पुढे ते गोदामांनाही लागू झाले. त्यातून निघणारी एक गोष्ट ठेकेदारांना अनेकदा पटत नाही. जाडी १५० ऐवजी २०० मिलिमीटर केली, तर ताण सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. खालची जमीन दुप्पट कणखर केली, तरी त्या मानाने थोडाच फरक पडतो. याचा अर्थ भरावाकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. जमीन कणखर असण्याइतकीच ती सर्वत्र सारखी असणे महत्त्वाचे असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती पुरेशा खोलीपर्यंत काढून मुरूम थराथराने दाबला नाही, तर स्लॅब काही ठिकाणी अधांतरी राहतो. मग जाडीचा हिशेबही कोलमडतो.

दुसरी दुखरी जागा म्हणजे सांधे. पाय मोकळ्या कडेवर आला, तर ताण मधल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट होतो. सांध्यात डॉवेल सळ्या घातल्यास भाराचा काही वाटा शेजारच्या स्लॅबकडे जातो, तरीही पाय सांध्यापासून दूर ठेवणेच श्रेयस्कर. त्यासाठी रॅकचा आराखडा काँक्रीट ओतण्यापूर्वी हाती हवा. प्रत्यक्षात आधी ट्रिमिक्सची जमीन तयार होते आणि भाडेकरू नंतर येतो! वरच्या अंगाला घातलेली हलकी जाळी भेगा रुंदावू देत नाही, पण तिने स्लॅबची भारक्षमता फारशी वाढत नाही.

जुन्या गोदामात रॅक उभारायचे असल्यास काही ठिकाणी काँक्रीटचे नमुने कापून खरी जाडी व ताकद तपासता येते. ती कमी भरली, तर एखादा मजला कमी करणे किंवा पायाखालचा पत्रा मोठा व जाड घेणे हे उपाय उरतात. पत्र्याचा लाभ मर्यादित असतो. जुन्या स्लॅबवर नुसता ५० मिलिमीटरचा नवा थर ओतण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. हा थर जुन्या काँक्रीटशी एकजीव झाला नाही, तर दोन्ही वेगवेगळे वाकतात आणि आधी वरचा थर फुटतो.