तबकडीवरची बटणं आणि त्यांची कामं

श्रोतेहो, डीव्हीडीची तबकडी यंत्रात घातली की पडद्यावर एक पान येतं. त्यावर चार-सहा नावं असतात. रिमोटनं त्यातलं एक निवडावं, मधलं बटण दाबावं, की तो भाग सुरू होतो. या पानाला मेनू म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, यंत्र किती हुशार आहे! खरं म्हणजे यंत्राला स्वतःचं डोकं काही नाही. तबकडी तयार करणाऱ्यानं जेवढं लिहून ठेवलं, तेवढंच ते करतं. काही लिहायचं राहिलं, तर पाहणारा बिचारा नुसता रिमोट दाबत बसतो. म्हणून हे लिहायचं कसं, ते आज पाहू.

ही यंत्रं १९९६ साली प्रथम जपानात विक्रीला आली. एका तबकडीवर ९९ पर्यंत स्वतंत्र कार्यक्रम ठेवता येतात आणि एका मेनूवर ३६ पर्यंत बटणं. घरच्या घरी तबकडी तयार करायला डीव्हीडीस्टायलरसारखं सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं. त्यात मेनूचं चित्र मांडणं सोपं असतं. खरं काम पुढं असतं. प्रत्येक बटणाला त्याची कृती नेमून द्यावी लागते.

समजा, गावच्या नाट्यमंडळानं आपल्या तीन अंकी नाटकाचं चित्रण केलं आहे. मेनूवर चार बटणं हवीत: संपूर्ण नाटक, अंक पहिला, अंक दुसरा आणि अंक तिसरा. प्रत्येक अंक स्वतंत्र कार्यक्रम म्हणून ठेवला आणि ज्याच्या त्याच्या बटणाला ‘या अंकावर जा’ अशी कृती दिली. इथवर सरळ आहे. पण अंक संपल्यावर काय? ती आज्ञा अंकाच्या शेवटी वेगळी लिहावी लागते. तिथं ‘मेनूवर परत जा’ असं लिहिलं, तर संपूर्ण नाटक पाहायला बसलेला माणूस पहिल्या अंकानंतरच मेनूवर येऊन थांबेल. ‘पुढच्या अंकावर जा’ असं लिहिलं, तर फक्त दुसरा अंक मागणाऱ्याच्या गळ्यात तिसराही पडेल.

यावर तोड आहे. यंत्राच्या स्मरणात १६ खण मोकळे असतात. प्रत्येकात एक आकडा राहतो आणि सुरुवातीला तो शून्य असतो. ‘संपूर्ण नाटक’ या बटणाला सांगायचं, ‘पहिल्या खणात १ मांड आणि पहिला अंक लाव.’ पहिल्या दोन अंकांच्या शेवटी लिहायचं, ‘खणात १ असेल तर पुढचा अंक, नाही तर मेनू.’ तिसऱ्याच्या शेवटी मात्र नेहमी मेनूच.

एक गोष्ट अजून राहिली. कुणी संपूर्ण नाटक लावलं, अर्ध्यावर मेनूवर आला आणि नुसता दुसरा अंक मागितला, तर खणातला १ तसाच असतो! म्हणून अंकांच्या तिन्ही बटणांनी आधी त्या खणात शून्य मांडायचं आणि मग अंक लावायचा.

आता बाणांविषयी. रिमोटवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण असतात. कोणत्या बटणावरून कोणता बाण दाबला की कोणत्या बटणावर जायचं, हेही ठरलेलं असावं लागतं. बटणं एकाखाली एक असली तर सॉफ्टवेअर ते आपणच जुळवतं. विखुरलेली असली तर हातानं जुळवलेलं बरं. ज्या बटणाकडे एकही बाण जात नाही, ते दिसतं खरं, पण बाणांनी तिथं पोचता येत नाही. संगणकावर तपासताना हा दोष लपून राहतो, कारण तिथं माऊसनं कुठल्याही बटणावर थेट जाता येतं.

म्हणून तपासणी रिमोट हातात घेऊन करावी. डीव्हीडी-आर एकदा लिहिली की तिच्यावरचा मजकूर बदलत नाही. तेव्हा पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर काढावी. प्रत्येक बटण दाबावं, प्रत्येक अंक शेवटपर्यंत जाऊ द्यावा, मध्येच मेनूवर येऊन पाहावं. आणि एकदा ती तबकडी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावी, काही न सांगता. त्यांना हवा तो अंक विनासायास लागला आणि संपल्यावर मेनू समोर आला, म्हणजे मग खुशाल शंभर प्रती काढाव्यात.