खर्जाची तार

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आठ दिवस आमच्याकडं राहायला आला होता. एका दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला, खोल विहिरीत उतरून कुणी बोलावं तसा. दार ढकलून बघतो तर दोन खुर्च्यांवर आईची जाड वाकळ टाकून केलेला तंबू, आणि त्याच्या आत मोबाईल तोंडाशी धरून बसलेला हा चौदा वर्षांचा गडी, घामानं चिंब. ‘मामा, दार लाव की! घुमतंय सगळं.’ तो रावण रेकॉर्ड करत होता. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘पोराचा घसा बसलाय काय रं? काढा देऊ का?’

वाकळीची युक्ती त्यानं कुठून उचलली माहीत नाही, पण ती बरोबर होती. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, जाड कापड तो पिऊन टाकतं. डबिंग स्टुडिओच्या भिंतींना मऊ अस्तर असतं ते याचसाठी.

त्याचा रावण म्हणजे ‘द लेजंड ऑफ हनुमान’ या ॲनिमेशन मालिकेतला. जानेवारी २०२१ मध्ये ती सुरू झाली आणि पुढं तिचे भागांवर भाग येत राहिले. हिंदीत त्या रावणाला आवाज आहे शरद केळकर यांचा. आणि २०२३ च्या ‘आदिपुरुष’मध्ये प्रभासनं साकारलेल्या रामाचा हिंदी आवाजही त्यांचाच. राम आणि रावण दोन्ही एकाच गळ्यातून आले, आणि ऐकताना कुणाला खटकलं नाही.

केळकर हे ग्वाल्हेरचे मराठी, जन्म १९७६ चा. शिंद्यांच्या मागोमाग गेलेली मराठी घरं तिथं पिढ्यान् पिढ्या आहेत. घरात मराठी, अंगणात हिंदी. ते मुंबईला आले, २००५ पासून ‘सात फेरे’ मालिकेतून घराघरांत पोचले. २०१४ च्या ‘लय भारी’तला त्यांचा खलनायक संग्राम आमच्या कोल्हापूरकरांना आठवत असेल. पण देशभर त्यांचा गळा पोचला तो २०१५ आणि २०१७ च्या दोन ‘बाहुबली’ चित्रपटांमुळं. हिंदी प्रेक्षकांना प्रभासचा चेहरा नवा होता आणि त्या चेहऱ्याला आवाज मिळाला एका मराठी माणसाचा. पुढं ‘तान्हाजी’त ते छत्रपती शिवाजी महाराज झाले. त्या चित्रपटाच्या कार्यक्रमात एका पत्रकारानं नुसतंच ‘शिवाजी’ म्हटलं, तेव्हा केळकरांनी शांतपणे ‘छत्रपती शिवाजी महाराज’ अशी दुरुस्ती केली. आवाज चढवला नाही. ती चित्रफीत मी कितीदा तरी पाहिली आहे. २०२२ मध्ये ‘हर हर महादेव’मध्ये ते बाजीप्रभू झाले. त्या चित्रपटावर वाद झाले, तो विषय वेगळा. पण बाजींनी १३ जुलै १६६० ला लढवलेली ती खिंड आमच्याच जिल्ह्यातली. पावसाळ्यात पन्हाळ्यावरून चिखल तुडवत आम्ही तिथं जातो, त्यामुळं बाजींच्या तोंडचा शब्द आम्ही जरा जास्तच कान देऊन ऐकतो.

या माणसाची एक गोष्ट भाच्याला माहीत नव्हती. केळकर लहानपणापासून अडखळत बोलायचे. अभिनयात आल्यावरही हा त्रास सुटलेला नव्हता, आणि त्यापायी सुरुवातीला कामं गेली, हे त्यांनी मुलाखतींतून उघडपणे सांगितलं आहे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिलो, कारण शाळेत मीही अडखळायचो. माझं अक्षर ‘क’. सांगलीला मावशीकडं जाऊन एसटीनं परत येताना कंडक्टरनं ‘कुठं?’ विचारलं की माझ्या गावाचं नाव माझ्याच तोंडातून निघत नसे. जीभ टाळ्याच्या मागं चिकटायची, श्वास छातीतच अडकायचा. मग मी हातातले पैसे पुढं करून अलीकडच्या गावाचं तिकीट मागायचो, ज्याचं नाव ‘ज’नं सुरू होतं. जयसिंगपूरला उतरून पुढची गाडी धरायचो. ही वाट मी किती वेळा केली ते घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

अडखळणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते जी सरळ बोलणाऱ्याला कधी कळत नाही. बोलणं म्हणजे आधी श्वास. गाताना, चार जणांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा दुसऱ्या कुणाची भूमिका करताना अडखळणं पुष्कळदा कमी होतं. प्रार्थना म्हणताना माझा ‘क’ कधीच अडला नाही. श्वास कुठं घ्यायचा, कुठं राखायचा आणि कुठल्या शब्दावर खर्चायचा हे अशा माणसाला जाणूनबुजून शिकावं लागतं. डबिंगमध्ये नेमकं हेच लागतं.

तिथं काय करावं लागतं तेही पाहू. काचेपलीकडच्या खोलीत कलाकार एकटा उभा असतो. कानात मूळ संवाद, समोर पडद्यावर दृश्य, स्टँडवर संहिता, काचेच्या अलीकडं दिग्दर्शक. संवाद तुकड्यातुकड्यानं भरत जायचं. पडद्यावर प्रभास बोलतोय तेलुगू. तेलुगूतले शब्द बहुधा स्वरावर संपतात, म्हणून तोंड उघडं राहतं. हिंदी शब्द पुष्कळदा व्यंजनावर मिटतो. त्यात प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत. पडद्यावर ओठ मिटले आणि ऐकू आला ‘त’, तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण कुठंतरी खोटं वाटतं. म्हणून लिहिणारा शब्द बदलतो, बोलणारा एखादं अक्षर लांबवतो. संवादांची मूळ ध्वनिपट्टी काढली की तिच्याबरोबर धापा, हुंकार, वार झेलतानाचं कण्हणंही जातं. तेही सगळं पुन्हा द्यावं लागतं, खोलीत जागेवर उभं राहून आणि अंगावर वार नसताना. सर्वांत अवघड म्हणजे आरोळी. माणूस ओरडला की सूर आपोआप वर चढतो आणि भारदस्तपणा उडून जातो. ओरडायचं, पण वजन खालीच ठेवायचं. भाचा तिथंच अडकला होता. त्याचा रावण बोलताना रावण असायचा, ओरडला की शाळेच्या मैदानावरचा पोरगा व्हायचा.

खोल आवाज म्हणजे काय, हे मी त्याला तंबोऱ्यावरून सांगितलं. मिरजेचे तंबोरे त्यानं पाहिले आहेत. चार तारांत शेवटची खर्जाची, पितळेची, इतरांपेक्षा जाड. जाड तार सावकाश थरथरते, म्हणून सूर खाली. वयात येताना मुलांचं स्वरयंत्र वाढतं, खाली सरकतं, कंठमणी दिसू लागतो, आतल्या स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात. पुरुषाच्या पट्ट्या बोलताना सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात, बाईच्या दोनशेच्या आसपास. पण तार एकटी काय करणार? भोपळा लागतोच. घसा, तोंड, नाक या पोकळ्या म्हणजे आपला भोपळा. आवाज फुटायच्या वयात गळा दाबून खर्ज काढू नकोस, पट्ट्यांना सूज येते, गाठी होतात, हे मात्र मी त्याला दरडावून सांगितलं.

कोल्हापूरला आवाजाचं वेड जुनं. पण हे गाव पहाडी आवाजाचं. शाहीर पिराजीराव सरनाईक उघड्या मैदानात पोवाडा म्हणायचे. रंगमंचावर केशवराव भोसले उंच पट्टीत गायचे आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे. यात आवडीइतकाच गरजेचाही भाग होता. आपला कान खालच्या सुरांना मंद असतो. खर्जातला आवाज मैदानात दहा हात जाऊन विरतो, उंच सूर गर्दी कापत जातो. माइक नव्हता तेव्हा खर्ज ही जवळ बसून ऐकायची गोष्ट होती. भारदस्त आवाजावर पोट भरण्याची सोय माइकनंच केली, असं माझं ठाम मत आहे.

आणि तो माइक मराठी बोलपटासाठी उभा राहिला तो याच गावात. १ जून १९२९ ला इथं प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. तिचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ च्या फेब्रुवारीत मुंबईत लागला. पहिला मराठी बोलपट. ध्वनिमुद्रणाची विद्या कंपनीच्या संस्थापकांपैकी दामलेमामांनी स्वतः खपून आत्मसात केली. चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपला जाई, त्यामुळं तोंड ज्याचं, गळाही त्याचाच. राजा हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. जन्म इथल्याच सांगवड्याचा, संगीतही त्यांचंच.

टेंबे ज्यांना गुरुस्थानी मानत त्या अल्लादियाखाँची हकीकत इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला. बराच काळ गळा बंद. परत आला तो जड होऊन, आधीची धार हरवून. उरलेल्या गळ्याला काय झेपेल याचा विचार करत त्यांनी श्वासाची, लयीची, वळणावळणानं जाणाऱ्या तानांची आपली गायकी बांधली. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आणलं, आणि ज्याला जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात ते इथं वाढलं. त्यांच्या पुतळ्यासमोरून आम्ही गाड्या दामटत जातो. ज्या घराण्यानं केसरबाई आणि मोगूबाई दिल्या, त्याच्या मुळाशी एक दुखावलेला गळा आहे, हे या गावातल्या प्रत्येक पोराला सांगितलं पाहिजे.

भाच्याची खरी दैवतं मात्र जपानची. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ हा ॲनिमे थिएटरला लागला तेव्हा तो आणि त्याचे मित्र पहिल्याच दिवशी जाऊन आले. जपानमध्ये ॲनिमेशनला आवाज देणाऱ्याला ‘सेइयू’ म्हणतात. रेडिओ नाटकांतून आणि परदेशी चित्रपटांच्या डबिंगमधून हा पेशा उभा राहिला. ॲनिमेचं ध्वनिमुद्रण तिथं रूढ पद्धतीत सगळे मिळून करतात. खोलीत तीन-चार माइक, हातात संहिता, आपली ओळ आली की पुढं व्हायचं, संपली की पावलांचा आवाज न करता मागं, पान उलटतानाही कागद वाजू द्यायचा नाही. समोरचा जितकं देतो तितकंच त्याला परत मिळतं. आपल्याकडं बहुतेकदा एकेकाला वेगळं बोलावून काम उरकतात, आणि ते कानाला जाणवतं.

कियोशी कोबायाशी नावाचे एक सेइयू होते. ‘लुपिन द थर्ड’मधल्या जिगेन या अबोल, टोपी डोळ्यांवर ओढलेल्या बंदूकबाजाला त्यांनी १९७१ पासून आवाज दिला. पन्नास वर्षं! २०२१ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांनी ती भूमिका आकिओ ओत्सुका यांच्या हाती सोपवली आणि पुढच्या वर्षी ते गेले. ओत्सुकांचा आवाज भाच्याला ‘वन पीस’मधल्या ब्लॅकबिअर्डमुळं पाठ आहे. ‘घोस्ट इन द शेल’मधला बातौ त्यांचा, ‘मेटल गियर सॉलिड’ या व्हिडिओ गेममधला स्नेकही त्यांचाच. त्यांचे वडील चिकाओ हेही नामांकित सेइयू. २००८ मध्ये त्या गेमच्या चौथ्या भागात म्हाताऱ्या बिग बॉसला वडिलांनी आवाज दिला. हा बिग बॉस कथेत स्नेकचा एका अर्थानं बापच. अखेरच्या प्रसंगात दोघं समोरासमोर येतात. भाषा एक अक्षर कळत नसताना मी तो प्रसंग भाच्याच्या मोबाईलवर ऐकला. दोन्ही गळ्यांची माती एक आहे, हे ऐकू येतं. याच ओत्सुकांनी २०१५ मध्ये पुस्तक लिहून तरुणांना बजावलं की शक्यतो या पेशात येऊ नका. लोकप्रियता दिसते, कामाची शाश्वती दिसत नाही.

जपानचं आणि रावणाचंही एक जुनं नातं आहे. युगो साको यांनी राम मोहन यांच्यासोबत रामायणावर जो ॲनिमे केला, त्याच्या हिंदी आवृत्तीत रावणाचा आवाज अमरीश पुरींचा होता. जानेवारी २०२५ मध्ये तो चित्रपट आपल्याकडं पुन्हा थिएटरात आला.

मग मराठीचं काय? ‘डीमन स्लेयर’ हिंदी, तमिळ, तेलुगूत आला, मराठीत नाही. ‘बाहुबली’ २०२१ मध्ये टीव्हीवर मराठीत आला, गश्मीर महाजनींच्या आवाजात. म्हणजे हिंदी बाहुबलीही मराठी माणूस, मराठी बाहुबलीही मराठी माणूस. गळ्यांची कमतरता आपल्याकडं कधीच नव्हती. कमी पडतात ते ऐकणारे कान, आणि हे मी स्वतःच्या घराबद्दल बोलतोय. ‘द लेजंड ऑफ हनुमान’ मराठीतही आहे. चार वर्षं ती मालिका आमच्या टीव्हीवर वाजत होती, पण भाषेचं बटण आम्ही एकदाही दाबलं नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर भाच्याला म्हटलं, लाव मराठी. तो तोंड वाकडं करून उठला, ‘मामा, ते भारी नसतंय.’ पहिली पाच मिनिटं चुळबुळ झाली. मग रावण बोलला. आई भांडी आवरत होती, ती पदराला हात पुसत येऊन चौकटीत थांबली. ‘ह्यो कोण रं?’ भाच्याला सांगता येईना, मलाही येईना. भाग संपला. नावं सुरू होतात न होतात तोच पुढचा भाग लागला. त्यानं रिमोट घेतला, मागं गेला, पुन्हा पुढचा भाग लागला. तिसऱ्या खेपेला त्यानं पडदा थांबवला, टीव्हीजवळ गेला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचू लागला.