तापीखोऱ्याचा उभा छेद

बोअरवेलची गाडी वावरात उभी राहिली की घरातल्या सगळ्यांचा जीव दोनच प्रश्नांवर टांगलेला असतो: किती फूट झालं, आणि आता काय लागलं? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उत्तरं येत राहतात. पिवळी माती, चिकण, रेती, गोटे, पुन्हा चिकण. कित्येकशे फूट खाली गेलं तरी खडक लागत नाही. तापी ओलांडून जामनेरच्या अंगाला मात्र थोड्याच फुटांवर मुरूम येतो आणि त्याखाली काळा पाषाण. जळगाव जिल्हा एकच, पण नदीच्या अल्याड-पल्याड जमिनीचं पोट वेगळं. वरून पाहिलेल्या नकाशात हे पोट दिसत नाही. त्यासाठी जमीन कापून बाजूने पाहावी लागते. अशा काल्पनिक कापाच्या चित्राला भूशास्त्रज्ञ उभा छेद म्हणतात.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडात कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथने 1815 साली देशाचा भूशास्त्रीय नकाशा काढला आणि 1817 मध्ये लंडनपासून स्नोडन पर्वतापर्यंतचा छेद प्रसिद्ध केला. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्डने तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याचा अभ्यास 1869 साली छापला. तेव्हाचं काम पायी, घोड्यावर आणि नदीकाठच्या दरडी वाचत व्हायचं. आज छेदाचा पहिला भाग संगणकावर काही मिनिटांत होतो.

क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर उघडायचं. त्यात जमिनीच्या उंचीची माहिती भरायची. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने टिपलेल्या उंचीच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहाच्या नोंदी ‘भुवन’वर मिळतात, आणि कुठे कोणता खडक उघडा पडला आहे याचे नकाशे ‘भूकोश’ या सरकारी संकेतस्थळावर. मग सातपुड्यातल्या पालपासून दक्षिणेला अजिंठ्यापर्यंत एक रेघ ओढायची. अंतर साधारण 90 किलोमीटर. दर 30 मीटरला एक उंची धरली तर तीन हजार बिंदू. सॉफ्टवेअर ते जोडून जमिनीची वरची रेषा काढून देतं: सातपुड्याचा उतार, केळीचं सपाट मैदान, तापीचा खळगा आणि पुढे अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतचा चढ.

पण ही रेषा खऱ्या प्रमाणात काढली तर पाहणाऱ्याची निराशा होते. किलोमीटरला एक सेंटिमीटर धरून 90 सेंटिमीटरचा कागद घेतला, तर मैदानापासून 600 मीटर उंच उठलेला डोंगर त्यावर अवघा सहा मिलिमीटरचा दिसतो. शंभर मीटर जाडीचा गाळ म्हणजे एक मिलिमीटर. म्हणून उभं माप दहापट ताणतात. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण जमिनीखाली जेमतेम पाच अंशांनी कललेला थर कागदावर चाळीसेक अंशांनी कोसळल्यासारखा भासतो. छेदाच्या कोपऱ्यात ‘उभे प्रमाण दहापट’ असं लिहिलं नसेल तर तो छेद बाजूला ठेवलेला बरा.

इथपर्यंत संगणकाचं राज्य. वरच्या रेषेखाली सगळा कागद कोरा असतो. तिथे भरायचे असतात बोअर आणि विहिरी. रेघेपासून ठरावीक अंतरातले बोअर सॉफ्टवेअर रेघेवर आणून उभे करतं. रिगवाला मात्र खोली जमिनीपासून फुटांत सांगतो, आणि छेदाला समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लागते. वजाबाकी चुकली किंवा बोअरची जागा नकाशावर शेजारच्या टेकाडावर पडली, की साधा सपाट थर मध्येच उडी मारतो आणि नसलेला भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची चीर, जन्माला येतो. रडारचीही गंमत आहे. ते दाट झाडीचा माथा जमीन समजतं. तापीकाठच्या अरुंद घळी तीस मीटरच्या जाळीत बोथट होतात त्या वेगळ्याच. खानदेशात निदान उघड्या विहिरींची कमी नाही. जुन्या विहिरीत डोकावलं की कडेला मुरूम, पाषाण आणि दोन लाव्हा-थरांमधली गेरूसारखी लाल माती ओळीने दिसते. छेदच तो, फक्त गोल.

बोअर जोडत गेलं की खोऱ्याची घडण उमटते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर दोन्हीकडच्या डोंगरांत आहेत. मधला भाग मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या भ्रंशावर खाली खचला आणि त्या खळग्यात गाळ भरत गेला. म्हणून गाळाची जाडी नदीच्या उत्तरेला, डोंगराच्या बाजूला जास्त. चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे तोही याच पायथ्याच्या पट्ट्यात.

छेद वाचता आला तर काय होतं, हे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरने दाखवलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून, आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर तिथे काम केलं. तालुक्याच्या गाळाच्या भागात पाऊस पडत होता, तरी विहिरी कोरड्या. कारण छेदात होतं: वर पिवळ्या चिकणमातीचा जाड थर, जो पाणी खाली जाऊ देत नाही, आणि त्याखाली उपशाने रिकामे झालेले रेतीचे थर. तहानलेल्या माणसाच्या तोंडावर झाकण असावं तसं. खानापूरकरांनी नाले रुंद केले आणि चिकण ओलांडून रेती उघडी पडेपर्यंत खोल केले. करवंद धरणाचं जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडलं. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ गाजला आणि नाला दिसेल तिथे पोकलेन लावण्याची टूम निघाली. कठीण पाषाणाच्या भागात चिकणीचं झाकणच नाही, तिथे खोलीकरणाने नेमकं काय साधणार, असा आक्षेप भूजलतज्ज्ञांनी तेव्हाच घेतला. तो रास्त होता. एका जागेचा छेद दुसऱ्या जागेला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या एक्स-रेवर स्वतःचं प्लास्टर घालून घेणं.

धुळे-नंदुरबारकडे आणखी एक पेच आहे. इथे लाव्ह्याच्या आडव्या थरांना फाडून वर आलेल्या पाषाणाच्या उभ्या भिंती आहेत. त्यांना डाईक म्हणतात. या पट्ट्यातल्या दोनशेहून अधिक डाईकची नोंद झाली आहे. जाडी तीनपासून साठ मीटरपर्यंत, आणि सर्वांत लांब डाईक ऐंशी किलोमीटरच्या आसपास. काही डाईक भूजल अडवतात, तर काहींच्या भेगांतून ते वाहतं. एकाच शिवारातल्या दोन विहिरींत पाण्याची पातळी वेगळी असण्यामागे अशी भिंत असू शकते. बहुतेक डाईक पूर्व-पश्चिम धावतात, म्हणून छेदाची रेघ उत्तर-दक्षिण हवी. पूर्व-पश्चिम रेघ ओढली तर ती दोन भिंतींच्या मधून निघून जाईल आणि छेदात काहीच दिसणार नाही. आपल्या 90 सेंटिमीटरच्या कागदावर वीस मीटरची भिंत म्हणजे तर केसाइतकी रेघ.

उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी मोठमोठे गोटे आणि रेतीचा जाड पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. तो पाणी झपाट्याने पितो. पण रावेर-यावलमध्ये उपसा त्याहून जास्त झाला आणि पातळी खोल गेली. तापी महापुनर्भरण योजनेची मदार याच पट्ट्यावर आहे. पुराचं पाणी कालव्यांनी पायथ्याशी नेऊन गोट्यांत मुरवायचं. त्यासाठी मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी भोपाळमध्ये करार केला. आता प्रश्न असा की गोट्यांचा पट्टा नेमका कुठे संपतो, चिकणीची जीभ त्यात किती आत शिरते आणि खालचा पाषाण कुठे आहे. पायथ्याजवळच्या छेदांत या जागी सलग रेघ नसते. तिथे तुटक रेघा असतात आणि शेजारी बारीक प्रश्नचिन्ह. पुढचा खोल बोअर झाला की त्यातली एखादी रेघ खोडून थोडी वर किंवा खाली काढावी लागते.